टपालखिडकी बंद झाली, पत्रांचे काय?

अलिबाग - ‘विंडोज मेल’ हे संगणकावरील ई-मेलचे सॉफ्टवेअर मायक्रोसॉफ्ट कंपनीने ३१ डिसेंबर २०२४ रोजी अधिकृतपणे बंद केले. त्या दिवसानंतर त्यातून पत्र पाठवता येत नाही आणि आलेले पत्र उतरवूनही घेता येत नाही. पाठोपाठ १४ ऑक्टोबर २०२५ रोजी ‘विंडोज १०’ या संगणक प्रणालीचे तांत्रिक पाठबळ संपले. ‘ऑफिस २०१६’ आणि ‘ऑफिस २०१९’ या संचांनाही, म्हणजेच त्यांतील ‘आउटलुक’लाही, कंपनीने त्याच दिवशी निरोप दिला. मांडव्यापासून हरिहरेश्वरापर्यंतच्या किनाऱ्यावर ज्यांचा व्यवहार अजून जुन्या संगणकावर चालतो, अशा पर्यटक निवासांचे चालक, वकील, सनदी लेखापाल आणि उरणचे क्लिअरिंग एजंट यांच्यापुढे त्यामुळे एकच प्रश्न उभा राहतो. नवे सॉफ्टवेअर कोणते घ्यावे, हा तो प्रश्न नव्हे. जुन्या सॉफ्टवेअरमध्ये साठलेल्या पत्रांचे काय, हा खरा प्रश्न आहे.

प्रसंग नवा नाही. प्रत्येक वेळी नाव तेवढे बदलते. विदेश संचार निगमने १५ ऑगस्ट १९९५ रोजी सर्वसामान्यांसाठी इंटरनेट खुले केले, तेव्हा स्वस्त खात्यांवर ‘पाइन’ची निव्वळ अक्षरांची पाटी होती. त्या काळी जगभर नावाजलेले ‘युडोरा’ हे सॉफ्टवेअर अमेरिकेतील इलिनॉय विद्यापीठात स्टीव्ह डॉर्नर यांनी १९८८ मध्ये लिहिले होते. टपाल कार्यालयात मुक्काम हलवणाऱ्या नायिकेची कथा लिहिणाऱ्या युडोरा वेल्टी या लेखिकेवरून त्यांनी ते नाव ठेवले. पुढे ते विकत घेणाऱ्या क्वालकॉम कंपनीने २००६ मध्ये त्याचा विकास थांबवला. आपल्याकडे मात्र बहुतेकांची ई-मेलशी ओळख झाली ती ‘आउटलुक एक्स्प्रेस’मुळे. १९९७ मध्ये ‘इंटरनेट एक्स्प्लोरर ४’चे बोट धरून आलेले हे सॉफ्टवेअर ‘विंडोज एक्सपी’पर्यंत संगणकासोबत फुकट मिळत राहिले. ‘व्हिस्टा’मध्ये त्याच्या जागी ‘विंडोज मेल’ आले. ‘विंडोज ७’मध्ये काहीच आले नाही, वेगळे उतरवून घेण्यासाठी ‘विंडोज लाइव्ह मेल’ देण्यात आले आणि त्याचाही कारभार १० जानेवारी २०१७ रोजी आटोपला. नंतरच्या ‘विंडोज’मध्ये पुन्हा ‘मेल’ नावाचे सॉफ्टवेअर अवतरले, ते आता गेले. एकाच नावाची दोन निरनिराळी सॉफ्टवेअर कंपनीने बाजारात आणल्यामुळे मदत शोधणाऱ्याच्या हाती अनेकदा भलत्याच आजाराचे औषध पडते, हे येथे सांगून ठेवलेले बरे.

पेटी पोस्टात की घरात?

सॉफ्टवेअर बंद झाले म्हणजे ई-मेलचा पत्ता बंद झाला, असा समज सर्रास आढळतो. तो चुकीचा आहे. पत्ता सेवा देणाऱ्या कंपनीच्या, म्हणजे गूगल, याहू, रेडिफ, मायक्रोसॉफ्ट किंवा बीएसएनएल यांच्या सर्व्हरवर असतो. संगणकावरील सॉफ्टवेअर हे केवळ त्या सर्व्हरपर्यंत जाऊन टपाल आणणारे माणूस. देशातील तारसेवा जुलै २०१३ मध्ये बंद झाली, तेव्हा लोकांच्या ट्रंकेतल्या जुन्या तारा काही नाहीशा झाल्या नाहीत. ई-मेलचेही तसेच आहे. अट एकच : आपली ट्रंक नेमकी कुठे ठेवली आहे, हे मालकाला ठाऊक असले पाहिजे.

ती दोन ठिकाणी असू शकते आणि कुठे आहे, हे टपाल आणण्याच्या पद्धतीवर ठरते. ‘पॉप’ या जुन्या पद्धतीत सॉफ्टवेअर सर्व्हरवर जाते, तिथली पत्रे उचलते, संगणकात आणून ठेवते आणि सर्व्हरवरची पेटी रिकामी करते. पोस्टात जाऊन आपल्या नावची सगळी पाकिटे घरी घेऊन यावीत, तसा हा प्रकार. ‘आयमॅप’ या पद्धतीत पत्रे पोस्टातच राहतात आणि घरात त्यांची नक्कल येते. घरातील नक्कल जळाली, भिजली, हरवली तरी मूळ पत्र पोस्टात सुरक्षित असते. ज्यांचे खाते ‘आयमॅप’वर आहे, त्यांना या सगळ्या प्रकरणात घाबरण्यासारखे फारसे काही नाही. नव्या सॉफ्टवेअरमध्ये पत्ता आणि परवलीचा शब्द भरला की पत्रे आपोआप उतरू लागतात. अडचणीत आहेत ते ‘पॉप’वाले.

आणि रायगडच्या किनाऱ्यावर ‘पॉप’वाले बरेच असण्याला सबळ कारण आहे. डायल-अपच्या दिवसांत जोडणी दूरध्वनीच्या तारेवरून होई. जितका वेळ मोडेम चालू, तितका वेळ घरचा फोन अडलेला आणि बिलाचे मीटर पळत असलेले. बीएसएनएलच्या ‘संचारनेट’चे तास मोजून वापरावे लागत. अशा वेळी जोडणी लावायची, पत्रे भराभर उतरवून घ्यायची, फोन ठेवायचा आणि मग निवांत वाचून उत्तरे लिहायची, हा शहाणपणाचा मार्ग होता. शिवाय सर्व्हरवर जागा तरी किती? गूगलने १ एप्रिल २००४ रोजी एक जीबीची ‘जीमेल’ जाहीर केली, त्या वेळी ‘हॉटमेल’ची फुकट पेटी २ एमबीची आणि ‘याहू’ची ४ एमबीची होती. आजचे एक छायाचित्रही त्यात मावणार नाही. पेटी भरली की पुढचे पत्र परत जाई. त्यामुळे ती रिकामी करणे हीच शिस्त मानली जात होती, आणि ‘आउटलुक एक्स्प्रेस’ही कुणी मुद्दाम सांगितल्याशिवाय सर्व्हरवर प्रत ठेवत नसे. काटकसरीच्या त्या सवयीचा परिणाम असा, की अनेक घरांत आणि कार्यालयांत दहा-दहा वर्षांचा पत्रव्यवहार जगात एकाच ठिकाणी उरला आहे : टेबलाखालच्या त्या जुन्या, धूळ खात पडलेल्या डब्यात.

पत्रव्यवहार कसला, तेही पाहण्याजोगे आहे. म्हसळा, श्रीवर्धन, मुरूड भागांतील कितीतरी घरांतले कर्ते पुरुष आखातात कामाला. कुणी जहाजावर. अलिबाग, रेवदंडा, नवगाव या गावांतले बेने इस्रायली कुटुंबांचे नातलग इस्रायलमध्ये. व्हॉट्सअॅप येण्यापूर्वीच्या काळात या घरांची पत्रे, लग्नाचे निरोप, जोडलेली छायाचित्रे ई-मेलवरच आली. दुसरीकडे जमिनीचे व्यवहार, बांधकामाचे करार, पर्यटकांची आरक्षणे. सगळे त्याच डब्यात.

डब्यातील पत्रे शोधताना

‘आउटलुक एक्स्प्रेस’ पत्रे ‘डीबीएक्स’ या प्रकारच्या फायलींत ठेवते. आलेली पत्रे एका फाइलमध्ये, पाठवलेली दुसऱ्या. म्हणजे ‘इनबॉक्स’मधील पाच हजार पत्रे ही संगणकाच्या दृष्टीने एकच फाइल, आणि ती बिघडली तर पाच हजारही धोक्यात. फाइलची मर्यादा २ जीबीची. तिच्या जवळ पोहोचलेली फाइल केव्हा दगा देईल, सांगता येत नसे. ही फाइल वापरकर्त्याच्या नजरेपासून दडवलेल्या, लांबलचक सांकेतिक आकड्यांचे नाव असलेल्या फोल्डरमध्ये असते. संगणक ‘फॉरमॅट’ करण्यापूर्वी दुरुस्ती करणारा ‘माय डॉक्युमेंट्स’ आणि डेस्कटॉपवरील सामान जपून ठेवतो. हे फोल्डर त्याच्या ध्यानात येत नाही. पत्रे गमावल्याच्या तक्रारींचा शोध घेतला तर बहुधा ‘व्हायरस’ सापडत नाही, ही अर्धवट ‘बॅकअप’ सापडते. सॉफ्टवेअर अजून उघडत असेल तर ‘टूल्स’मधील ‘ऑप्शन्स’, त्यातील ‘मेंटेनन्स’ आणि तेथील ‘स्टोअर फोल्डर’ या बटणावर या जागेचा पूर्ण पत्ता मिळतो.

‘विंडोज लाइव्ह मेल’ त्या मानाने सरळ. ते प्रत्येक पत्र ‘ईएमएल’ प्रकारच्या स्वतंत्र फाइलमध्ये ठेवते. एखादी बिघडली तरी बाकीच्या सुरक्षित, आणि ‘ईएमएल’ वाचू शकणारी सॉफ्टवेअर आजही मुबलक आहेत. ‘ऑफिस’मधील ‘आउटलुक’ची फाइल ‘पीएसटी’ असते. सर्वांत अलीकडे बंद झालेल्या ‘मेल’मधील संगणकापुरती मर्यादित पत्रे बाहेर काढण्याची म्हणजे ‘एक्स्पोर्ट’ची सोय उपलब्ध राहील, असे कंपनीने तेव्हा सांगितले होते. ती वापरायची तर संगणकावरून ते सॉफ्टवेअर काढून टाकण्याची घाई करू नये.

संगणकच सुरू होत नसेल तरी सारे संपले असे नाही. बिघाड बहुतेकदा वीजपुरवठ्याच्या भागात किंवा मदरबोर्डवर असतो. किनाऱ्यावरच्या खाऱ्या, दमट हवेत तो लवकरच होतो. हार्ड डिस्क मात्र शाबूत असू शकते. ती बाहेर काढून योग्य जोडणीच्या तारेने दुसऱ्या संगणकाला लावली, तर फोल्डर वाचता येतात. जुन्या रुंद पट्टीच्या तारेच्या डिस्कसाठी वेगळा जोड लागतो. तो मागताना डिस्कच दुकानात दाखवावी. भंगारवाल्याला संगणक देण्यापूर्वी निदान ही डिस्क काढून घेणे शहाणपणाचे. त्यात केवळ पत्रे नसतात, बँकेचे तपशीलही असतात.

‘डीबीएक्स’ फायली हाती लागल्यानंतरचा सर्वांत साधा उपाय तेवढाच जुना आहे. ‘आउटलुक एक्स्प्रेस’ ज्या संगणकावर उघडते, तेथे एखादे रिकामे फोल्डर उघडावे, सॉफ्टवेअरमधील पत्रे निवडावीत आणि माउसने ओढून त्यात टाकावीत. प्रत्येक पत्राची ‘ईएमएल’ फाइल तयार होते. एका वेळी काही शेच घ्यावीत. सगळी एकदम ओढली तर जुना संगणक धापा टाकू लागतो. ज्यांच्याकडे ‘विंडोज लाइव्ह मेल’ आधीपासून बसवलेले आहे, त्यांना ‘एक्स्प्रेस’चा साठा त्यात आयात करता येतो. मात्र ते नव्याने उतरवून घेण्याची अधिकृत सोय आता राहिलेली नाही आणि अनोळखी संकेतस्थळांवर त्याच नावाने मिळणाऱ्या फायली घेणे धोक्याचे आहे.

तयार झालेल्या ‘ईएमएल’ फायली ‘थंडरबर्ड’ या सॉफ्टवेअरमध्ये आणता येतात. मोझिला संस्थेने डिसेंबर २००४ मध्ये त्याची पहिली पूर्ण आवृत्ती आणली. २०१२ मध्ये संस्थेने त्याच्यावरील काम आवरते घेतले, तेव्हा तेही ‘युडोरा’च्या वाटेने जाणार असे वाटले होते. पण वापरणाऱ्यांच्या देणग्यांवर ते तगले, २०२० पासून मोझिलाचीच एक स्वतंत्र कंपनी ते चालवते आणि २०२४ मध्ये त्याची अँड्रॉइड फोनसाठीची आवृत्तीही आली. ते विनामूल्य आहे. शेकडो फायली एकदम आत घेण्यासाठी ‘इम्पोर्ट-एक्स्पोर्ट टूल्स’ नावाचे पूरक सॉफ्टवेअर त्याला जोडावे लागते. ‘थंडरबर्ड’ पत्रे ‘एमबॉक्स’ या खुल्या, अनेक सॉफ्टवेअरना समजणाऱ्या प्रकारात ठेवते. त्याचे दिसणे जुन्या वळणाचे आहे, अशी तक्रार होते. ‘आउटलुक एक्स्प्रेस’च्या सवयीच्या माणसाला ती सोय वाटेल.

मायक्रोसॉफ्टने स्वतः पुढे केलेला पर्याय ‘नवे आउटलुक’ हा आहे. ते फुकट आहे, पण फुकट आवृत्तीत जाहिराती दिसतात. त्याहून महत्त्वाची गोष्ट ठळक सांगितली जात नाही. त्यात जीमेल किंवा अन्य कंपनीचे खाते जोडले, तर त्या खात्यातील पत्रांची प्रत मायक्रोसॉफ्टच्या सर्व्हरवरही ठेवली जाते. घरगुती पत्रांबाबत कुणाला त्याचे काही वाटणार नाही. अशिलाची कागदपत्रे ज्यांच्या मेलवर येतात, त्या वकिलांनी मात्र संमतीचे बटण दाबण्यापूर्वी थांबावे. ‘ऑफिस’सोबतच्या जुन्या वळणाच्या ‘आउटलुक’ला किमान २०२९ पर्यंत पाठबळ देण्याचे कंपनीने सांगितले आहे. त्यामुळे ज्यांच्याकडे त्याची चालू आवृत्ती आहे, त्यांना तूर्त धावपळ करण्याचे कारण नाही.

परवलीचा शब्द बरोबर, तरी नकार

काही जणांच्या बाबतीत सॉफ्टवेअर बंद झालेले नसते, पण ते एके दिवशी परवलीचा शब्द नाकारू लागते. शब्द बदलून पाहिला तरी तोच नकार. यात दोष शब्दाचा नसतो. पूर्वी सॉफ्टवेअर सर्व्हरला नाव आणि परवलीचा शब्द सांगे आणि दार उघडे. चोरांनाही तेवढेच पुरत असल्याने गूगलने ३० मे २०२२ पासून व्यक्तिगत खात्यांसाठी ही पद्धत बंद केली. मायक्रोसॉफ्टने आपल्या व्यक्तिगत खात्यांसाठी ती १६ सप्टेंबर २०२४ पासून बंद केली. आता ब्राउझरचे पान उघडून तेथे ओळख पटवावी लागते आणि मग सॉफ्टवेअरला वेगळे प्रवेशपत्र मिळते. ‘आउटलुक एक्स्प्रेस’ला ही भाषा येतच नाही. जीमेलमध्ये दोन टप्प्यांची पडताळणी सुरू केली, तर जुन्या सॉफ्टवेअरसाठी सोळा अक्षरांचा स्वतंत्र परवलीचा शब्द मिळवता येतो. तथापि संपर्काची सांकेतिक भाषाही नवी झाली असल्याने ‘एक्सपी’च्या काळातील सॉफ्टवेअरला त्याचाही उपयोग होईलच असे नाही. त्याचा आग्रह सोडावा. ते पत्रे वाचण्यासाठी आणि बाहेर काढण्यासाठी ठेवावे. नव्या पत्रव्यवहारासाठी नव्हे.

याच गोंधळाचा फायदा घेणारेही टपलेले असतात. ‘आपली मेलबॉक्स चोवीस तासांत बंद होणार, येथे क्लिक करा’ अशा पत्रांतील दुव्यावर जाऊ नये. मदतीसाठी इंटरनेटवर सापडलेल्या पहिल्याच दूरध्वनी क्रमांकावर विश्वास ठेवू नये. संगणकाचा ताबा दूरवरून मागणाऱ्याला तो देऊ नये. पैसे गेलेच तर १९३० या राष्ट्रीय क्रमांकावर तत्काळ तक्रार नोंदवता येते.

वेधशाळेची पद्धत

स्थलांतर करताना सर्वांत मोठी चूक होते ती घाईची. नवे सुरू झाले, चार पत्रे आली-गेली, की जुने पुसले जाते. आणि तीन महिन्यांनी कळते, की ‘पाठवलेली पत्रे’ हे फोल्डर आलेच नव्हते, किंवा पत्त्यांची वही मागे राहिली. दोन्ही व्यवस्था काही काळ शेजारी-शेजारी चालवणे आणि नोंदी ताडून पाहणे, हाच त्यावरचा उपाय. त्याचे उत्तम उदाहरण अलिबागच्या समुद्रकिनाऱ्यावरच, सव्वाशे वर्षांपूर्वीचे, आहे.

मुंबईत कुलाब्याच्या वेधशाळेत एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापासून पृथ्वीच्या चुंबकत्वाच्या नोंदी होत होत्या. मुंबईत विजेवरच्या ट्रामगाड्या येणार असे ठरले, तेव्हा त्या विजेने नाजूक उपकरणांच्या नोंदी बिघडणार हे स्पष्ट झाले. वेधशाळेचे पहिले भारतीय संचालक नानाभॉय मूस यांच्या कारकिर्दीत ट्रामच्या त्रासापासून दूर, अलिबागला १९०४ मध्ये नवी चुंबकीय वेधशाळा सुरू झाली. पण म्हणून कुलाब्याच्या नोंदी त्याच दिवशी थांबवल्या नाहीत. १९०४ ते १९०६ अशी दोन वर्षे दोन्ही ठिकाणी एकाच वेळी मोजणी झाली, दोन्हींतील फरक समजून घेतला गेला आणि मगच कुलाब्याची उपकरणे थांबली. ट्राम विजेवर धावू लागली ती १९०७ मध्ये. म्हणजे संकट दाराशी येण्यापूर्वी स्थलांतर पूर्ण झाले होते. या सलगतेचे मोल पुढे कळले. सप्टेंबर १८५९ मधील प्रचंड सौरवादळाची कुलाब्यात झालेली नोंद शास्त्रज्ञांनी २००३ मध्ये पुन्हा तपासली आणि त्या वादळाची तीव्रता किती होती, याचा अंदाज तिच्यावरून बांधला. नोंद करणाऱ्यांना तिचा असा उपयोग होईल याची कल्पना असणे शक्य नव्हते.

घरातील संगणकासाठी दोन वर्षांची गरज नाही. दोन महिने पुरेत. त्या काळात प्रत्येक फोल्डरमधील पत्रांची संख्या दोन्हीकडे मोजून कागदावर लिहावी. सर्वांत जुने, सर्वांत नवे आणि मधले एखादे मोठी फाइल जोडलेले पत्र उघडून पाहावे. पत्त्यांची वही वेगळी निर्यात करावी, कारण ती पत्रांसोबत येत नाही. हे कंटाळवाणे काम आहे आणि दुरुस्तीवाला ते करून देणार नाही. ते मालकानेच करायचे.

न्यायालय आणि जीएसटी

व्यावसायिकांच्या दृष्टीने जुने पत्र हे नुसती आठवण नसते. जीएसटी कायद्याच्या कलम ३६ नुसार हिशेबाची कागदपत्रे वार्षिक विवरणपत्राच्या अंतिम तारखेपासून ७२ महिने जपावी लागतात. उरणजवळच्या जवाहरलाल नेहरू बंदरात आयात-निर्यातीचे काम करणाऱ्या कस्टम एजंटांना परवान्याच्या २०१८ मधील नियमांनुसार किमान पाच वर्षे नोंदी ठेवणे भाग आहे. बीजके, मालाची यादी, जहाज कंपनीच्या सूचना हा सारा मजकूर येतो तो ई-मेलवरच.

वाद न्यायालयात गेला तर प्रश्न आणखी बारीक होतो. जालना विधानसभा मतदारसंघाच्या निवडणुकीवरून उद्भवलेल्या अर्जुन खोतकर विरुद्ध कैलास गोरंट्याल या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १४ जुलै २०२० रोजी निर्णय दिला. इलेक्ट्रॉनिक नोंदीची प्रत पुराव्यात द्यायची तर कायद्याने सांगितलेले प्रमाणपत्र अनिवार्य आहे, असे त्यात स्पष्ट झाले. मूळ संगणकच न्यायालयात आणून त्याच्या मालकाने साक्ष दिली तर मात्र त्या प्रमाणपत्राची गरज नाही, हेही त्यात आहे. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम ६३ मध्ये प्रमाणपत्राचे दोन भाग आहेत. दुसरा तज्ज्ञाने भरायचा आहे आणि नोंदीची ‘हॅश’ म्हणजे तिची अंकीय मुद्राही द्यावी लागते. जमिनीच्या व्यवहारांवरून किनाऱ्यावर चालणारे दावे पाहता याचा अर्थ सरळ आहे. ‘महत्त्वाच्या मेल छापून ठेवल्या आहेत’ एवढे पुरेसे नाही. छापील कागदावर पत्राचा प्रवास सांगणारा शीर्षभाग येत नाही. तो ‘ईएमएल’ फाइलमध्ये असतो. दावा सुरू असताना जुना संगणक विकून टाकणे तर आपल्याच पायावर धोंडा पाडून घेणे आहे.

‘निसर्ग’ आणि दोन ठिकाणे

सगळे ब्राउझरवरच वापरावे, सॉफ्टवेअरची भानगडच नको, असे तरुण मंडळी सुचवतात. सूचना चुकीची नाही. पण ३ जून २०२० चा अनुभव जमेस धरावा लागतो. ‘निसर्ग’ चक्रीवादळ त्या दिवशी दुपारी अलिबागच्या दक्षिणेस किनाऱ्यावर आले. मुरूड, श्रीवर्धन परिसरात विजेचे खांब आणि मोबाइलचे मनोरे कोसळले, कित्येक गावे बरेच दिवस अंधारात आणि संपर्काबाहेर राहिली. विम्याच्या पॉलिसीची प्रत किंवा आरक्षण केलेल्या पर्यटकाचा क्रमांक ज्याच्या मेलमध्ये होता, त्याला ब्राउझरचा काय उपयोग? उतरवून ठेवलेले टपाल लॅपटॉपची बॅटरी असेतोवर वाचता येते. मात्र त्याच वादळात छपरे उडाली, पत्रे उचकटले आणि घरात पाऊस शिरला. केवळ टेबलाखालच्या डब्यात ठेवलेली पत्रेही त्या पावसापासून सुरक्षित नव्हती. म्हणून एक प्रत सर्व्हरवर, एक घरातील संगणकावर आणि तिसरी बाहेरच्या डिस्कवर, तीही शक्यतो दुसऱ्या गावी राहणाऱ्या नातेवाइकाकडे ठेवावी.

वेबवरची सेवा अमर असते, असेही नाही. गूगलनेच २०१४ मध्ये आणलेले ‘इनबॉक्स’ एप्रिल २०१९ मध्ये गुंडाळले. दोन वर्षे न वापरलेली व्यक्तिगत खाती पुसून टाकण्याचे धोरण गूगलने डिसेंबर २०२३ पासून अमलात आणले आहे. बोटीवर गेलेल्या किंवा निवर्तलेल्या माणसाच्या खात्याबाबत घरच्यांनी हे लक्षात ठेवावे. ‘टेकआउट’ या सुविधेतून जीमेलची सगळी पत्रे ‘एमबॉक्स’ फाइलमध्ये मिळतात आणि ती ‘थंडरबर्ड’मध्ये उघडता येते.

पत्र उघडले, पण वाचता येईना

मराठी माणसापुढे आणखी एक अडचण आहे. विदेशी मार्गदर्शिकांत तिचा उल्लेख सापडत नाही. युनिकोड रूढ होण्यापूर्वी मराठी ई-मेल ‘शिवाजी’, ‘किरण’, ‘श्रीलिपी’, ‘आकृती’ किंवा सी-डॅकच्या ‘योगेश’, ‘सुरेख’ अशा फॉन्टमध्ये लिहिल्या जात. या फॉन्टमध्ये इंग्रजी अक्षराच्या जागी मराठी अक्षराचे चित्र बसवलेले असे. फॉन्ट संगणकावर असला तर ‘प्रिय आई’ दिसे. नसला तर तीच ओळ इंग्रजी अक्षरांचा आणि चिन्हांचा निरर्थक पसारा होऊन समोर येई. नव्या संगणकावर पत्र सुखरूप पोहोचते, फॉन्ट मात्र जुन्या ‘एक्सपी’वरच राहतो, आणि फाइल बिघडली असे समजून लोक ते पत्र पुसून टाकतात.

त्यासाठी जुन्या संगणकाच्या ‘विंडोज’ फोल्डरमधील ‘फॉन्ट्स’ या उपफोल्डरातून मराठी फॉन्टच्या फायली पत्रांसोबतच नक्कल करून घ्याव्यात. त्या नव्या संगणकावर बसवल्या, की बहुतेक पत्रे पूर्वीसारखी दिसू लागतात. कायमचा उपाय हवा असेल तर मजकूर युनिकोडमध्ये रूपांतरित करणारी साधने उपलब्ध आहेत. मात्र प्रत्येक फॉन्टची मांडणी निराळी असल्याने आधी फॉन्टचे नेमके नाव माहीत असावे लागते. पत्र ‘ईएमएल’ स्वरूपात ‘नोटपॅड’मध्ये उघडले, तर रंगीत मांडणीच्या पत्रात ते नाव बहुधा वाचायला मिळते. रूपांतर करताना मूळ फाइल तशीच ठेवून नक्कलेवर काम करावे. रफार आणि पहिली वेलांटी यांची जागा या साधनांत हमखास चुकते; ‘वर्ष’चे ‘वषर्’ आणि ‘किनारा’चे ‘कनिारा’ होते. पत्रे मोजकी असतील तर ती लिहिणाऱ्याला किंवा ज्याला आली त्याला शेजारी बसवून तपासणे, हेच सर्वांत जलद ठरते.